तेविसाव्या दिवशी दिलेला शब्द

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, वेळेआधी जन्मलेली बाळं ठेवतात त्या वॉर्डात, ताईंना स्वतःची अशी खुर्ची नव्हती. नर्सना टेबल होतं, डॉक्टरांना खोली होती, फरशी पुसणाऱ्या बाईलाही बादल्या ठेवायला एक कोनाडा होता. ताईंच्या गळ्यातल्या कार्डावर 'पालक-सहायक' असं छापलेलं होतं. म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "बाळांकडे बघायला इथे सगळे आहेत. आईबापांकडे बघायला मी."

वीस वर्षं त्या याच वॉर्डात नर्स होत्या. मग गुडघ्यांनी हात टेकले, तेव्हा मोठ्या सिस्टरनी त्यांना या कामावर घातलं. "बसून करायचं काम आहे," सिस्टर म्हणाल्या होत्या. कसलं बसून आणि कसलं काय! अकरा वर्षं झाली, ताईंचे पाय संध्याकाळी तसेच भोपळ्यासारखे सुजायचे. नवीन आईबापांना हात कोपरापर्यंत कसे धुवायचे ते दाखवायचं. कुठला आवाज घाबरण्यासारखा, कुठला नुसता वायर निसटल्याचा, ते सांगायचं. फोन चार्ज करायला कुठे मिळेल, जिन्याखालच्या बाथरूमची कडी कशी लागत नाही, हेही. आणि त्याच्या मध्ये जो वेळ उरेल त्यात कुणाच्या तरी शेजारी गप्प बसायचं.

एक वाक्य मात्र त्यांनी स्वतःला बंद करून टाकलं होतं: 'सगळं नीट होईल.' नर्स होत्या तेव्हा सुरुवातीला त्या ते सढळ हाताने वाटायच्या. मग एकदा एक आई रिकाम्या हातांनी घरी निघाली आणि जाताना ताईंकडे नुसती बघून गेली. भांडली असती तर परवडलं असतं, असं ताईंना अजून वाटायचं. तेव्हापासून त्या फक्त समोर असेल तेवढंच बोलायच्या. आत्ता श्वास बरा आहे. आज वीस ग्रॅम वाढलं. उद्याचं उद्या बघू.

त्या वर्षी सात नंबरच्या काचेच्या पेटीत जी मुलगी आली तिचं वजन सातशे ऐंशी ग्रॅम होतं. सव्विसाव्या आठवड्यातच आली होती. "माझा मोठा पाना हिच्यापेक्षा जड आहे," तिचा बाप पहिल्या दिवशी म्हणाला आणि मग आपण काय बोललो हे कळून भिंतीकडे तोंड करून रडला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. वॉर्डात सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणायला लागले. त्याची बायको गाडी चालवायला शिकवायची, म्हणून तो स्वतः तिला मास्तरीण म्हणायचा, आणि तेच नाव नर्सनीही उचललं. मुलीचं नाव ठेवायला दोघंही धजत नव्हते. तेव्हा एका तरुण नर्सने तिला चिमटी म्हणायला सुरुवात केली. चिमटीत धरता येईल एवढीच तर होती.

लिफ्टवाला आल्या दिवसापासून यंत्रांशी बोलायला लागला. कुठला आकडा कशाचा, कुठली तार कुठे जाते, सगळं त्याने दोन दिवसांत पाठ केलं. नर्स वैतागल्या. पण तिसऱ्या दिवशी त्याने सांगितलं की शेजारच्या मॉनिटरचा प्लग ढिला आहे, आणि तो खरंच ढिला निघाला. मग त्याला कुणी काही बोलेना.

मास्तरीणबाईंचं उलट. पोटावरचे टाके घेऊन ती पाचव्या दिवशी चाकाच्या खुर्चीतून वर आली आणि पेटीपासून दोन हातांवर थांबली. सहाव्या दिवशी तशीच. सातव्या दिवशी तशीच. तिची सासू फोनवर लिफ्टवाल्याला म्हणाली, "कसली रे आई ही, लेकराला हात लावत नाही?" हे त्याने येऊन ताईंना सांगितलं, कारण बायकोला सांगायची त्याची छाती नव्हती.

नवव्या दिवशी ताईंनी मास्तरीणबाईंना दुधाच्या खोलीत गाठलं. ही म्हणजे तीन खुर्च्या, दोन पंप आणि एक फ्रीज एवढीच खोली. मास्तरीण पंप लावून बसली होती. बाटलीत जेमतेम दोन चमचे दूध जमलं होतं.

"आज हात लावून बघायचा का?" ताईंनी विचारलं.

"ताई, मी पंधरा वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसतेय," मास्तरीण म्हणाली. "लोक म्हणतात, भीती कशी वाटत नाही? मी म्हणते, माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. त्यांनी काहीही घोळ घातला तरी मी गाडी थांबवू शकते. इथे माझ्या पायाशी काहीच नाही."

ताईंना हे उत्तर आवडलं. त्यांनी समजावायचा प्रयत्न केला नाही. त्या दिवशी त्यांनी तिला फक्त पेटीची गोल खिडकी उघडायला आणि बंद करायला शिकवली, चार वेळा. पाचव्या वेळी म्हणाल्या, "आता हात आत. कुरवाळायचं नाही, त्याने ही पोरं दचकतात. एक हात डोक्याशी, एक तळपायांशी. नुसता ठेवायचा. आणि काढताना घाई करायची नाही."

मास्तरीणबाईंनी हात ठेवला. चिमटीने पाय लांब केला आणि आईच्या तळहाताला टेकवला. "अगं बाई," मास्तरीण म्हणाली, "ही तर क्लच दाबतेय." नवव्या दिवशी ती पहिल्यांदा हसली. ते हसू लगेच विरलं, पण ताईंनी ते पाहिलं.

त्यानंतर ती रोज तासन्‌तास पेटीत हात घालून बसायची. विसाव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, की नाकातल्या नळीसकट बाळाला बाहेर काढून आईच्या छातीवर ठेवायला हरकत नाही, त्याने फायदाच होईल. मास्तरीणबाईंनी तो दिवस टाळला. एकविसावाही टाळला. "उद्या बघू," ती म्हणायची. ताईंचंच वाक्य ती ताईंना ऐकवायची.

तेविसावा दिवस उजाडला तेव्हा ताईंना एकही सुट्टी न मिळता अकरा दिवस झाले होते. त्यांच्या जोडीला जी दुसरी पालक-सहायक होती, तिच्या वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून ती महिनाभरासाठी गावी गेली होती, आणि तिच्या जागी कुणीच आलं नव्हतं. अठरा बाळं, म्हणजे अठरा आया, सतरा बाप, शिवाय आज्या, मावश्या, आत्या. हात धुऊन धुऊन ताईंच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या.

त्या सकाळी चार नंबरचं बाळ गेलं. चाळीस दिवसांचं होतं. दोन दिवसांपूर्वीपर्यंत बरं होतं. त्याच्या आईला तिची बहीण आधी घेऊन गेली, आणि कागदांवर सह्या करायला बाप मागे राहिला. सगळं झाल्यावर ताई त्याला खाली सोडायला गेल्या. त्याच्या हातात न उघडलेल्या लंगोटांचं पाकीट होतं. गाडी कुठे लावली ते त्याला काही केल्या आठवेना. पार्किंगच्या एका रांगेतून दुसऱ्या रांगेत, दुसऱ्यातून तिसऱ्या, अशी दोघं भर उन्हात अर्धा तास हिंडली. तो मधूनच थांबून म्हणायचा, "सॉरी हं, तुमचा वेळ जातोय." गाडी शेवटी हॉस्पिटलच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे सापडली. तो आत बसला, पाकीट शेजारच्या सीटवर ठेवलं, आणि कुणाला तरी बांधावा तसा त्याला पट्टा बांधला. ताईंनी दार लावून घेतलं.

परत वर आल्या तेव्हा पावणेचार वाजले होते. डबा उघडलाच नव्हता. गुडघ्यात ठणका उठला होता. पाणी पिण्यासाठी म्हणून त्या दुधाच्या खोलीत शिरल्या, तर आत मास्तरीण एकटीच.

"चार नंबरचं गेलं ना?" तिने विचारलं.

"हो."

मास्तरीणबाईंनी पंप बंद केला. खोली एकदम शांत झाली. "ताई, मी तुम्हाला कधी विचारलं नाही. आज एकदाच विचारते. आमची वाचेल ना?"

याचं काय करायचं ते ताईंना तोंडपाठ होतं. स्टूल ओढायचं. समोर बसायचं. चार नंबरमुळे तुला काय काय वाटतंय, ते विचारायचं, आणि मग ती बोलेल ते सगळं, अर्धा तास लागो नाहीतर तास, ऐकायचं. स्टूल हाताच्या अंतरावर होतं. पण ते ओढण्याइतकाही दम त्यांच्यात राहिला नव्हता. त्यांना फक्त हा प्रश्न संपायला हवा होता.

"वाचेल," त्या म्हणाल्या. "काही होणार नाही तिला. घरी घेऊन जाशील बघ तू. आणि आज छातीशी घे तिला. किती दिवस नुसता पेटीत हात घालून बसणार आहेस?"

मास्तरीण त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या खांद्यांवरून कुणीतरी पोतं उतरवावं तसे तिचे खांदे खाली आले. "खरंच?" ती म्हणाली.

"खरंच," ताई म्हणाल्या, आणि पाणी प्यायल्या.

साडेचार वाजता दोन नर्सनी मिळून, नळ्या आणि तारा सांभाळत, चिमटीला पेटीबाहेर काढलं आणि आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं. वर मऊ कापड घातलं. मास्तरीण आधी दगडासारखी ताठ बसली. मग हळूहळू तिचा श्वास आणि पोरीचा श्वास लागोपाठ चालायला लागला. लिफ्टवाला कामावरून तसाच ग्रीसच्या हातांनी आला होता. तो तीनदा हात धुऊन आला आणि मॉनिटरकडे न बघता बायकोकडे बघत उभा राहिला. मास्तरीणबाईंनी त्याच्याकडून आपल्या मोठ्या बहिणीला फोन लावून घेतला. "अक्का, माझ्या अंगावर झोपलीये," ती कुजबुजली. "हो गं. इथल्या ताईंनी सांगितलं, काही होणार नाही म्हणून."

ताईंनी ते दारातून ऐकलं. तेवढ्यात नऊ नंबरची आई त्यांना शोधत आली, आणि त्या तिच्यामागे गेल्या.

संध्याकाळी घरी त्यांनी दारात चपला काढल्या. त्यांचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. तो डोळ्याची काच न काढताच म्हणाला, "कोण गेलं आज?" चपला काढायच्या आवाजावरून त्याला कळायचं.

"चार नंबर," ताई म्हणाल्या. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली नाही.

पंचविसाव्या दिवशी सकाळी चिमटीचं पोट फुगलं. कातडी तकतकीत झाली, निळसर दिसायला लागली. दूध पचेना, उलटं हिरवं यायला लागलं. वॉर्डच्या डॉक्टर आल्या, पोटाचे एक्स-रे काढले, सर्जनला बोलावलं. अशा कोवळ्या बाळांच्या आतड्याला कधीकधी सूज येते आणि ते सडायला लागतं. ताईंनी हे शेकडो वेळा पाहिलं होतं. दुपारी एक वाजता चिमटीला तिच्या पेटीसकट ऑपरेशनला नेलं. तिच्यासाठी अख्खी लिफ्ट अडवून धरली होती.

पेटी गेली आणि सात नंबरच्या जागी फरशीवर चाकांच्या खुणा तेवढ्या उरल्या. ताई मास्तरीणबाईंजवळ गेल्या. ती उभीच होती.

"बस जरा," ताई म्हणाल्या.

"तुम्ही म्हणाला होतात," मास्तरीण म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "काही होणार नाही म्हणालात. छातीशी घे म्हणालात. मी घेत नव्हते. मला भीती वाटत होती, म्हणून मी घेत नव्हते. तुमच्या भरवशावर मी तिला बाहेर काढलं."

"त्याचा याच्याशी..."

"माझ्याजवळ येऊ नका," मास्तरीण म्हणाली. "प्लीज. माझ्याजवळ येऊ नका तुम्ही."

सगळ्या वॉर्डाने ऐकलं. तरुण नर्सने मान खाली घातली. ताई बाहेर आल्या. कॉरिडॉरमध्ये बसल्या तर मास्तरीणबाईंना दिसतील, म्हणून जिन्यात जाऊन पायरीवर बसल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना जायला कुठली जागा नव्हती.

थोड्या वेळाने लिफ्टवाला तिथे आला. दोन पायऱ्या सोडून खाली बसला. खिशातला टेस्टर काढून बोटांत फिरवत राहिला.

"ती बोलली ते मनावर घेऊ नका," तो म्हणाला.

"घ्यायलाच पाहिजे," ताई म्हणाल्या. "खरंच बोलली ती."

तो म्हणाला, "लोक लिफ्टमध्ये अडकतात ना, तेव्हा मी वरून दार दोन बोटं उघडतो. आधी तोंड दिसतं. प्रत्येकजण एकच विचारतो, पडणार नाही ना? मी म्हणतो, पडणार नाही. दहा वेळा विचारलं तरी दहा वेळा म्हणतो."

ताईंना वाटलं, हा आपली समजूत घालतोय.

"पण मला ते ठाऊक असतं, ताई," तो म्हणाला. "दोर किती जाड आहे, तो तुटला तर लिफ्ट धरणाऱ्या पकडी कशा आहेत, ते माझ्या डोळ्यांखालून गेलेलं असतं. ती पडणार नसते, म्हणून मी म्हणतो. तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"नव्हतं," ताई म्हणाल्या.

"मग का म्हणालात?"

ताईंनी खूप शोधलं. भीती घालवायला, धीर द्यायला, मनाला उभारी यावी म्हणून, अशी बरीच चांगली चांगली कारणं होती आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. "थकले होते," त्या म्हणाल्या. "तिने विचारायचं थांबावं, म्हणून म्हणाले."

लिफ्टवाल्याने मान हलवली. रागावला नाही, आणि माफही केलं नाही. टेस्टर खिशात ठेवला आणि वर निघून गेला.

ऑपरेशन पावणेतीन तास चाललं. आतड्याचा बोटभर तुकडा काढून टाकावा लागला. उरलेल्याचं तोंड पोटाला भोक पाडून बाहेर आणलं. दोन-तीन महिन्यांनी ते परत जोडायचं होतं. चिमटी जिवंत परत आली, पुन्हा मोठ्या यंत्राच्या श्वासावर. पुढचे तीन दिवस महत्त्वाचे, असं सर्जन म्हणाले आणि निघून गेले.

ताईंनी त्याच संध्याकाळी मोठ्या सिस्टरना सगळं सांगितलं. सिस्टरनी चष्मा काढून डोळे चोळले. "मीच तुला तेरा दिवस ओढलं," त्या म्हणाल्या. "उद्यापासून रजा घे."

"घेईन. पण आत्ता नाही. तिला वाटतंय, तिच्या छातीशी धरण्याने झालं हे."

"मग सांग ना, नाही झालं म्हणून."

"मी सांगून काय होणार आता?" ताई म्हणाल्या.

तरी त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगून पाहिलं. मास्तरीण पेटीपाशी बसली होती, दोन हातांवर, पहिल्या आठवड्यासारखीच. ताई तिच्यापासून चार पावलांवर थांबल्या.

"मी ते बोलायला नको होतं," त्या म्हणाल्या. "मला माहीत नसताना बोलले. चूक माझी आहे, आणि मी ती मोठ्या सिस्टरच्या कानावर घातलीये. पण एक गोष्ट मला पक्की माहीत आहे. छातीशी धरल्याने आतड्याला हे होत नाही. तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही."

मास्तरीणबाईंनी मान वर केली. डोळे सुजून बारीक झाले होते. "हे तरी कशावरून?" ती म्हणाली. "त्या दिवशी पण तुमचा चेहरा असाच होता. असाच, खरं बोलणाऱ्या माणसाचा."

खोट्याच्या जोडीने खरंही वाया गेलं होतं. डॉक्टर दिवसातून दोनदा येत, दोन वाक्यं बोलत आणि जात. मास्तरीणबाईंनी त्यांनाही विचारलं होतं, आणि त्या "नाही नाही, तसं काही नसतं हो" म्हणून पुढच्या पेटीकडे वळल्या होत्या. मास्तरीणबाईंना ते लहान मुलाची समजूत काढल्यासारखं वाटलं असणार.

मग ताईंना नर्सचा तक्ता आठवला. प्रत्येक पेटीच्या पायथ्याशी एक फळी अडकवलेली असते. दर तीन तासांनी त्यावर पोटाचा घेर, किती दूध दिलं, किती पचलं, ते लिहितात. आईबापांना तो तक्ता सहसा वाचायला देत नाहीत, नसते घोर लागतात म्हणून. ताईंनी मोठ्या सिस्टरना विचारलं. सिस्टरनी आधी नाही म्हटलं. मग म्हणाल्या, "त्यात आमची काही चूक निघाली तर?"

"निघाली तर निघाली," ताई म्हणाल्या.

सिस्टरनी तेविसाव्या दिवसाचा कागद काढून दिला. ताईंनी तो आधी वाचला नाही. तसाच नेऊन मास्तरीणबाईंच्या मांडीवर ठेवला. "मी काही सांगत नाही. तू वाच. जे कळणार नाही ते त्या नर्सला विचार, मला नको."

मास्तरीण कागदावर बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेली. तरुण नर्स शेजारी उकिडवी बसून सांगत होती, हे पोटाचं माप, हे न पचलेलं दूध. सकाळी सहा, सगळं रोजचंच. नऊ, रोजचंच. बारा वाजता पोट अर्धा सेंटीमीटर वाढलेलं आणि थोडं दूध शिल्लक. तीन वाजता तसंच.

"मी तिला साडेचारला घेतलं," मास्तरीण म्हणाली.

तिने बोट पुन्हा बाराच्या ओळीवर नेलं. तिथे ते खूप वेळ राहिलं. मग ती ताईंकडे वळली, आणि आता तिचा आवाज चढला होता. "म्हणजे बारा वाजताच सुरू झालं होतं? मग तुम्हाला कुणालाच कसं कळलं नाही?"

तरुण नर्सचा चेहरा उतरला. ताई म्हणाल्या, "अर्धा सेंटीमीटर इथल्या निम्म्या बाळांचं वाढतं आणि रात्रीपर्यंत उतरतं. तेव्हाच कळायला हवं होतं का, ते मला माहीत नाही."

"माहीत नाही?"

"माहीत नाही. डॉक्टरांना विचारू. मी तुझ्याबरोबर येते. त्यांना खुर्चीत बसायला लावू आणि मगच विचारू."

त्या दोघी गेल्या. डॉक्टर बसल्या, वीस मिनिटं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, की एवढ्यावरून दूध थांबवलं असतं तर कदाचित फरक पडला असता, कदाचित नसता. त्या दिवशी त्यांनाही तो आकडा साधाच वाटला होता. छातीशी धरण्याचं विचाराल तर, बाळ आईपाशी होतं तेव्हाचा तिचा श्वास अख्ख्या आठवड्यातला सगळ्यात चांगला श्वास आहे, तो आलेख बघा. मास्तरीणबाईंनी आलेख बघितला. मग ती तिथेच, डॉक्टरांच्या टेबलावर डोकं टेकून रडली. ताई दारापाशी उभ्या होत्या. जवळ गेल्या नाहीत. त्यांना बोलावलं नव्हतं.

त्या दिवशी चार वाजता मास्तरीणबाईंनी पेटीची खिडकी उघडली, एक हात डोक्याशी आणि एक तळपायांशी ठेवला.

तीन दिवस गेले, मग सात गेले. चिमटी यंत्रावरून उतरली. ताई आणखी आठवडाभर कामावर होत्या. मास्तरीण त्यांच्याशी बोलायची, पण कामापुरतं. बाटलीचं बूच कुठे, आजचं वजन किती. 'कशी आहे?' हे मात्र ती नर्सना विचारायची. ताईंनी तेही गिळलं. मग जोडीदारीण गावाहून परत आली आणि ताई रजेवर गेल्या, सलग चार आठवडे. पहिला आठवडा त्या नुसत्या झोपल्या. नवऱ्याने भात करपवला, तोही त्यांनी निमूटपणे खाल्ला. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी, तो घड्याळाचं मागचं झाकण उघडत असताना, त्यांनी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हं." आणि जरा वेळाने, "चहा टाकू?"

रजा संपवून त्या कामावर आल्या. नंतरच्या महिन्यात चिमटीचं आतडं जोडलं. एकशे तेराव्या दिवशी ती घरी गेली, आणि नेमकी त्या दिवशी ताई दाताच्या डॉक्टरकडे होत्या. दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टरनी त्यांना बाजूला घेतलं.

"मास्तरीणबाईंनी निरोप ठेवलाय तुझ्यासाठी. म्हणाली, जसाच्या तसा सांगा. 'मी अजून रागावलेली आहे. आणि पोरगी तोंडाने दूध पिते.'"

ताईंनी निरोप दोनदा म्हणवून घेतला.

त्यानंतर पाचेक महिन्यांनी तळमजल्यावर, डोळे तपासायला आलेल्या बाळांच्या रांगेत, त्यांना मास्तरीण दिसली. कडेवर गोबरी म्हणता येईल अशी पोर होती, टोपी एका कानावर सरकलेली. ताई ओळख द्यावी की नको या विचारात रेंगाळल्या. मास्तरीणबाईंनीच हाक मारली.

"ताई, बरं झालं. हिला धरा जरा. दोन्ही हात मोकळे असल्याशिवाय हा फॉर्म काही भरता येत नाही, आणि हिच्या बापाला गाडी लावायला जागा मिळत नाहीये."

तिने पोर ताईंच्या हातात दिली आणि खिडकीकडे गेलीसुद्धा. ताईंनी तिला खांद्यावर घेतलं. चांगलीच जड होती. गुडघे कुरकुरले, म्हणून त्या भिंतीला टेकल्या. पोरीने त्यांच्या मानेशी नाक घासलं, एक मोठी ढेकर दिली, आणि त्यांच्या खांद्यावर, धुऊन इस्त्री केलेल्या कोटावर, सकाळचं अर्धं दूध ओकली.

मास्तरीण फॉर्म भरून परत आली. तिने कोटाकडे पाहिलं, पदराने पोरीचं तोंड पुसलं.

"ती सगळ्यांच्याच अंगावर ओकते," ती म्हणाली. "तुम्हाला खास असं काही नाही."